समई लावली, दाखला दिला नाही

जो सर्व देहांत सारखाच वसतो आणि वस्तीला येण्यापूर्वी कोणाचे कागद तपासत नाही, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. हे लेखन त्याच्या स्तुतीसाठी नाही. या छत्रपती संभाजीनगरात भाड्याचे एक घर मिळावे म्हणून मी कागदपत्रांची एक फाईल तयार केली. त्या फाईलने मला जे दाखवले ते सांगणे, हेच या लेखनाचे निमित्त.

फाटकातून आत गेलो तेव्हा देव अंगणात होते.

पितळेच्या परातीत, पाण्याखाली आडवे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीचे टाक. शेजारी समई. चिंचेने लखलखीत घासलेली आणि पालथी घातलेली. कुंपणाच्या भिंतीवर लाल लोकरीचे आसन वाळत होते. त्यातून अजून पाणी निथळत होते.

त्याच आठवड्यात मी त्या आसनावर बसलो होतो. ती समई माझ्या हाताने लागली होती.

मनाने लगेच सबब शोधली. सण असेल. पण पंचांग मला पाठ आहे. अमावास्या नव्हती, एकादशी नव्हती, ग्रहण सुटलेले नव्हते. दिवे घासावेत, देव बाहेर काढावेत असे त्या दिवशी काहीही नव्हते. होतो तो मी.

आता मागचे सांगतो.

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. मूळचा फुलंब्रीचा. जातीने मातंग. माझे वडील गावच्या देवळापुढे हलगी वाजवत. त्यांच्या हलगीशिवाय देवाची पालखी उठत नसे, आणि उठलेल्या पालखीला त्यांनी हात लावायचा नसे. ते बाहेर वाजवत असत आणि आतले स्तोत्र माझ्या कानावर पडत असे. ते मला गोड वाटले. पुढे मी तेच शिकलो, तेच शिकवले. आमचे आडनाव असे आहे की ते चार जातींत सापडते. मी काही लपवले नाही. ज्याने विचारले त्याला सांगितले. ज्याने माझी भाषा ऐकून परस्पर ठरवले, त्याच्या ठरवण्याला मी जबाबदार नाही.

आम्ही राहतो ते घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. माझी पत्नी सुमन हिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. गेले वर्षभर ती देवळात गेलेली नाही, भाजीला गेलेली नाही. खाली उतरते ती फक्त दवाखान्यासाठी, कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पाऊल. त्यातच घरमालकाने घर विकायला काढले आणि महिनाअखेर सोडायला सांगितले. आम्हाला तळमजला हवा होता. दुसरे काहीही नको होते.

पण तळमजला मागणारे आम्ही एकटेच नव्हतो. बिडकीनकडे नव्या कंपन्या आल्या, त्यांचे अभियंते आले. एका घराला दहा माणसे. घरमालक आता घर दाखवत नाहीत, आधी फाईल मागतात.

सलीमभाई नावाचे दलाल आहेत. त्यांच्या मुलीला मी संस्कृत शिकवले होते, म्हणून ते माझ्यासाठी झटतात. गारखेड्यातला हा तळमजला त्यांनीच शोधला. मालकांना सगळे आबासाहेब म्हणतात. बिडकीनची जमीन प्रकल्पात गेली, त्या पैशांतून त्यांनी ही इमारत बांधली. स्वतः शेजारच्या बंगल्यात राहतात.

पहिल्या भेटीत आबासाहेबांनी घर दाखवले. दाराला एकही पायरी नव्हती. मी त्या उंबऱ्याकडे बघतच राहिलो. मग ते मला बंगल्यावर चहाला घेऊन गेले. त्यांच्या मातोश्री, माई, देवघरापाशी बसल्या होत्या.

"गुरुजी, चतुर्थी हाय आज. आमचे भटजी आले नाय. तुम्ही आलाच हायेत तर दोन श्लोक म्हणा. समई तुमच्या हातची लागू द्या," त्या म्हणाल्या.

मी हातपाय धुतले. लाल आसनावर बसलो. समई लावली, स्तोत्र म्हटले. माईंच्या डोळ्यांत पाणी आले. आबासाहेब उठले आणि माझ्या पायांवर डोके ठेवते झाले.

"असे उच्चार आजकाल कुठं ऐकायला मिळतेत! घर तुमचंच समजा. फक्त फाईल तेवढी द्या. सगळ्यांचीच घेतो."

मग चहा घेताना प्रश्न आले. एकेक. हळूच.

"फुलंब्रीला कुठल्या आळीत घर तुमचं?"

"कुलदैवत कोणतं म्हणालात?"

"मुलाची सोयरीक कुठली?"

पंधरा मिनिटांपूर्वी पायांवर डोके ठेवणारा माणूस माझी आळी का विचारतो? आत कुठेतरी काटा रुतला. मी तो दाबला. संशय हा मनाचा मळ आहे असेच मी आयुष्यभर मानत आलो होतो. आमच्या शाळेत सरस्वतीपूजन असे. संस्कृतचा शिक्षक मी, आणि पूजा सांगत असत गणिताचे शिक्षक. "सर, तुम्ही मुलांच्या रांगा बघा," असे मुख्याध्यापक दरवर्षी मला म्हणत. दरवर्षी मी रांगा पाहिल्या. दरवर्षी मनाला सांगितले, यात काही नसेल.

घरी येऊन फाईल करायला बसलो. पूजेचे साहित्य मांडावे तसे कागद मांडले. आधार. पॅन. पेन्शनचा आदेश. पासबुकाच्या झेरॉक्स. आताच्या घरमालकाचे पत्र. पोलीस पडताळणीचा अर्ज, दोघांच्या फोटोंसह. शाळेच्या दोन जुन्या सहकाऱ्यांची शिफारस. प्रत्येक प्रतीवर सही केली. पांढऱ्या फाईलला लाल नाडी बांधली. सुमनने तिच्यावर कुंकवाचे बोट लावले. तिला ते घर न पाहताच आवडले होते.

"पायरीच नाय म्हणता? एक बी नाय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

फाईल दिली. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचा फोन आला.

"गुरुजी, एक कागद राहिला. शाळा सोडल्याचा दाखला."

"कशासाठी?"

"जन्मतारखेसाठी हो."

"जन्मतारीख आधारवर आहे. पॅनवर आहे. पेन्शनच्या आदेशावर आहे."

"आवो, फॉर्मॅलिटी असती."

"इतर अर्जदारांकडूनही दाखला घेतलात का?"

मग म्हणाले, "तुम्ही आणून तर द्या, मग बघू." फोन बंद.

आमच्या राज्यात शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो हे कोणाला सांगायला नको. सत्तरीच्या पेन्शनराचा दाखला भाड्याच्या घराला लागत नाही. तो फक्त त्या एका रकान्यासाठी लागतो.

"काय म्हणतेत?" सुमनने विचारले.

"शाळेचा दाखला मागतात."

"तो कशाला? नववीत घालतेत का काय तुम्हाला?"

ती हसली. मग हसू तिच्या तोंडावरच थांबले. तिलाही कळले.

"देऊ नका," ती म्हणाली.

"घर जाईल. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे हायेत. त्यांचं मी बघीन. दाखला देऊ नका."

संध्याकाळी सलीमभाई आले. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले,

"गुरुजी, एक बात बोलू? बुरा नक्को मानो. वो कंपनी का इंजिनिअर आया था ना, उसका फक्त आधार लिए. और आपका एलसी मंगते. समझो आप."

"तुम्हालाही असे विचारतात का?"

"मेरेकू?" सलीमभाई हसले. "मेरेकू तो फाईल बी नै मंगते. नाम सुनतेच बोलते, घर अब्बीच गया. मैं दुसऱ्यांना घरं देतो गुरुजी, और खुद का मकान बदलना होय तो सोलापूर तक के रिश्तेदारां को फोन लगाता."

मी हसलो नाही. न्यायशास्त्र शिकवताना मुलांना मीच सांगत असे, की संशय हा विचाराचा आरंभ आहे. संशय आला म्हणूनच तपास होतो, तपासाने निर्णय होतो. इतकी वर्षे हे मी फळ्यावर लिहिले आणि स्वतःला मात्र उलटे शिकवले. शाळेत रांगा पाहिल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता. येत होता. मीच त्याला उठून बसू दिले नाही.

दाखला मी दिला नाही. दोन दिवसांनी आबासाहेबांचा निरोप आला, "या, बोलू." म्हणून मी गेलो. आणि अंगणात देव उन्हात होते.

आबासाहेब बंगल्याच्या पायरीवर उभे होते. खाली उतरले नाहीत. खुर्ची आली नाही.

"चपला राहू द्या पायात, गुरुजी. इथंच बोलू."

"बोला."

"त्याचं काय, फुलंब्रीला आमचे साडू असतेत. सहज विषय निघाला."

"सहज?"

"मला काय नाय हो त्याचं. मी असलं काय मानत नाय. पण माईचं वय झालं. त्यांचं मन मानंना. बाकीचे भाडेकरू बी कुरकुर करतेत."

"देव कशासाठी धुतले?"

"ते व्हय? साफसफाई चालू हाय घरात."

"आज तिथी कोणती?"

ते आवाज मऊ करून म्हणाले, "असं करा, गच्चीवर एक खोली हाय. मागून वेगळा जिना हाय. भाडं बी कमी करतो तुमच्यासाठी."

मागून. वेगळा. जिना.

माझे वडील हलगी घेऊन देवळाच्या मागच्या बाजूने येत असत. मी पदव्या घेतल्या, पिढ्या शिकवल्या, आणि मला पुन्हा मागूनच यायला सांगितले जात होते. कमी भाड्यात. उपकार म्हणून.

"माझ्या पत्नीला जिना चढवत नाही, हे मी आपल्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते."

"मग तुमचं तुम्ही बघा बुवा."

"माझी फाईल द्या."

ते आत गेले. फाईल घेऊन आले ती कोपऱ्याला दोन बोटांत धरून. खाली वाकून त्यांनी ती कट्ट्यावर ठेवली आणि मागे सरकले. सुमनने लावलेले कुंकू मला दिसत होते. माझा हात पुढे गेला. सवय होती. जे जिथे ठेवले जाईल तिथून उचलण्याची सवय, आईच्या पोटातून आणलेली.

हात अर्ध्यावर थांबला.

"मी ती कट्ट्यावरून उचलणार नाही," मी म्हणालो. "हातात द्या."

"आता मिळाली ना फाईल?"

"हातात द्या, आबासाहेब."

माझा आवाज चढला नव्हता. वर्गात जितका असे तितकाच होता. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. आतून माई म्हणाल्या, "आरं, देऊन टाक त्यांला, ऊन किती हाय." आबासाहेबांनी फाईल उचलली. माझ्या हातात दिली. त्यांची बोटे माझ्या बोटांना लागली. ती मी लागू दिली.

मग म्हणालो, "समई चिंचेने निघाली. आसन पाण्याने निघाले. पण चतुर्थीला आपले कपाळ माझ्या पायांना लागले होते. ते कशाने घासणार?"

आबासाहेब आत जायला वळले.

"त्या वेळी मी आशीर्वाद दिला होता. तो परत घेत नाही. फाईल तेवढी नेतो."

घर गेले. त्याच आठवड्यात कंपनीचा अभियंता तिथे राहायला आला. आम्ही अजून तिसऱ्या मजल्यावर आहोत आणि महिनाअखेर जवळ आली आहे. सुमन खाली उतरताना अजूनही आडवी होते. यात कुठेही गोड शेवट नाही. तो मला नकोही आहे.

परंतु फाईल रिकामी केली आहे आणि तिच्यात आता दुसरा अर्ज लावला आहे. पोलीस ठाण्यात आणि समाजकल्याणच्या कार्यालयात द्यायचा. पहिल्या अर्जाइतक्याच काळजीने लिहिला. काय मागितले, कोणाकडून मागितले नाही, अंगणात काय दिसले, कोणती खोली देऊ केली. साक्षीदार म्हणून सलीमभाईंचे नाव घालू का, असे मी भीतभीतच विचारले. गारखेड्यातले त्यांचे गिऱ्हाईक तुटणार होते.

"लिखो," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरांत लिखो. कम से कम एक कागज पे तो मेरा नाम देख के कोई ना नै बोलेगा."

दुसरी साक्ष सुमनची. पेन तिने घट्ट धरले होते.

मग मी पेटी उघडली. तळाशी ठेवलेला शाळेचा दाखला काढला. पिवळा, घड्यांवर फाटू लागलेला. जातीच्या रकान्यात त्या वेळच्या हेडमास्तरांचे वळणदार अक्षर. त्याची झेरॉक्स काढली, सही केली आणि अर्जाला सर्वांत वर लावली. चोरून बघायला मागितला तेव्हा तो मी दिला नाही. आता स्वतःच्या हाताने देतो आहे. जिथे मला द्यायचा आहे तिथे.

उद्या सोमवार. कार्यालय उघडण्याआधी मी दारात असेन. पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. अर्ज फेटाळला तर वरच्या कार्यालयात जाईन, तिथे फेटाळला तर त्याच्या वर. पोच प्रत्येक ठिकाणी हातात घेईन. टेबलावरून उचलणार नाही.

वाचकहो, आपल्या घरातील समई अखंड तेवत राहो. ती कोणाच्या हाताने लागली, हे विचारण्याची बुद्धी आपल्या कुळात कोणाला न होवो. आपल्या माणसांचे गुडघे धड राहोत आणि त्यांच्यासाठी दार समोरूनच उघडो. आणि कोणी आपल्याला मागच्या जिन्याने यायला सांगितले, तर "नाही" म्हणण्याइतका श्वास तो सर्वसाक्षी आपल्या छातीत कायम ठेवो.