लघाट्यांच्या मोटारीचे चार पाइप

नाव : रघुवीर विनायक लघाटे. वय : बेचाळीस. उंची : पाच फूट तीन इंच. वर्ण : निमगोरा. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. हुद्दा : हेडक्लार्क, स्थानापन्न, दफ्तरखाना. मुक्काम : स्नेहलतागंज, इंदूर. वाहन : मोटार, एक. संशयाचे कारण : सदर इसम घराच्या मागील अंगणात लोखंडी नळ्या जोडून दारूची हातभट्टी उभारीत असल्याचा निनावी अर्ज. फरार होण्याचे साधन : आहे.

१९५३ च्या उन्हाळ्यात हा कागद साध्या पोशाखातल्या एका हवालदाराच्या खिशात होता. लघाट्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांचा संशय त्या दिवसांत दुसरीकडे गुंतला होता.

मध्यभारत राज्य झाल्यापासून इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन संस्थानांचे कारकून पत्त्यांच्या दोन कॅटांसारखे एकात एक पिसले गेले होते. दफ्तरखान्यात हेडक्लार्कची खुर्ची एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघे, लघाटे आणि एक ग्वाल्हेरकर. चारित्र्याची चौकशी स्वच्छ आली तर लघाटे कायम. नाही तर खुर्ची ग्वाल्हेरला आणि लघाटे परत खालच्या टेबलावर, जिथून चढायला त्यांना सतरा वर्षं लागली होती.

लघाट्यांचा कोणावरही विश्वास नसे. दफ्तरखान्यात हा गुण समजतात. ते दौतीवर शाईच्या पातळीची रेघ मारून जेवायला जात. घरी किल्ल्या जानव्याला बांधत आणि आंघोळीच्या वेळी जानवं जरा सरकलं तरी दचकत.

मोटार त्यांनी संस्थानी मोटारखान्याच्या लिलावात घेतली होती. दुसऱ्या कोणी बोलीच लावली नाही, याचाही त्यांना संशय होता. चार सिलिंडरची ती जुनी विलायती गाडी. इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा जाड तुकडा तडकला होता. बंडू मिस्त्रीने घरी येऊन बॉनेट उघडून पाहिलं आणि निदान केलं, "इंजन उतारना पडेल भाऊसाब. आठ दिवस माझ्याकडे छोडा."

"आठ दिवसांत माझं इंजिन कोणाच्या गाडीत बसवणार?"

"अरे भिया, तुमचं इंजन कोण घेणार!" बंडू मनापासून म्हणाला. लघाट्यांनी तो कबुलीजबाब धरला आणि दुरुस्ती घरी करायची ठरवली.

मुंबईचा एक दुकानदार बिडाच्या जागी चार सुटे वाकवलेले पाइप बसवायचा. इंजिनाच्या चार भोकांतून चार निघतात आणि पुढे एकात मिळतात. कंपनीचा माल नव्हे, पण इंजिनाला श्वास मोकळा होतो म्हणत. माल इंदुरात उतरला तर साऱ्या मिस्त्र्यांना कळेल, म्हणून लघाट्यांनी तो आग्रा रोडच्या ट्रकमधून इंदूरच्या अलीकडे मानपुरास उतरवून घेतला आणि गोणपाटात गुंडाळून बसने आणला. लपवून आणल्यामुळे तो सगळ्या गल्लीने पाहिला.

मोटार अंगणात विटांवर उभी होती. गंजलेल्या नटांना लघाट्यांनी आठ दिवस घासलेट पाजलं, तडकलेला तुकडा काढला, नवे पितळी नट आठ वेळा मोजले. आठ होते.

शेजारचे नाना मुळे भिंतीवरून डोकावत. "काय लघाटे, वास येईना अजून!"

"कसला?"

"मी काय म्हटलं? कसलाच नाही," म्हणून नाना खाली जात.

एका रविवारी सकाळी एक धट्टाकट्टा गृहस्थ भाड्याची खोली विचारत आला. नाव तुकोजी. खोली नाही म्हटल्यावरही तो जाईना. नळ्यांकडे बघत राहिला.

"बंडूनं पाठवलं का?" लघाट्यांनी विचारलं.

"कोण बंडू?"

असं बंडूचाच माणूस म्हणेल, हे लघाट्यांनी ओळखलं. पण पाइपांची जुडी जड. एकाने खालून धरल्याशिवाय दुसऱ्याला वरून नट लावता येत नाहीत. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई तासभर धरून थकल्या होत्या आणि भाजी करपते म्हणून आत गेल्या होत्या. लघाट्यांनी विचार केला की चोर गाडीखाली असला म्हणजे निदान नजरेसमोर असतो.

"धरता का जरा?"

तुकोजी आनंदाने गाडीखाली शिरला. त्याने प्रत्येक नळीला नाक लावलं. लघाट्यांनी पॅकिंग बसवलं, जुडी इंजिनातून निघालेल्या स्टडांवर चढवली आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूकडे असे नट बोटांनी फिरवले. सात झाले. आठवा वाटीत नव्हता.

"बाहेर या. खिसे दाखवा."

"काय साहेब, शरीफ आदमीला असं—"

"खिसे!"

तुकोजीच्या खिशातून विडीचं बंडल, काडेपेटी आणि घडी केलेला कागद निघाला. लघाट्यांनी कागद उघडला. दफ्तरातल्या माणसाची नजर आधी चुकीवर जाते.

"डाग उजव्या भुवईवर आहे. डाव्या नाही. खोडून वर लिहा आणि बाजूला सही करा. गिरवू नका."

तुकोजीने खोडून लिहिलं, सही केली. मग लघाटे पुढची ओळ वाचायला लागले आणि मडगार्डवर टेकले. सतरा वर्षं त्या एका ओळीत होती.

"हातभट्टी?"

"मी नाही लिहिलं साहेब. वरून आलं. मला उद्या रिपोट द्यायचाय."

"ही मोटार आहे!"

"तर मग चालू करून दाखवा ना."

"एक नट कमी आहे. तिथून धूर निघेल."

"भट्टीतूनपण निघतो," तुकोजी सौम्यपणे म्हणाला.

लघाट्यांनी वाटी उलटी केली, गोणपाट झटकलं, गाडीखाली सरपटून आले. उघड्या अंगाने ते उठत होते तेव्हा सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या.

"अहो, जानव्याला काय लोंबतंय ते?"

कोठीच्या किल्लीशेजारी पितळी नट होता. कोणी रातोरात सगळं जोडून गाडी पळवू नये म्हणून लघाट्यांनी शनिवारी आठातला एक काढून स्वतःपाशी ठेवला होता आणि तो कोणापासून लपवला ते लक्षात ठेवताना नट विसरले होते. तुकोजीने भिंतीकडे पाहिलं. लघाट्यांनी गाठ सोडली.

नट लागला. पान्याने सगळे आवळून झाले. तुकोजीने हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि नव्या पाइपांवरचं तेल जळून निळा धूर उठला.

"बघा, बघा!" नाना भिंतीवरून ओरडले.

"तेल आहे! आत्ता थांबेल!" लघाट्यांचा आवाज चिरकला. त्यांनी देवघरातून उदबत्ती आणवली आणि एकेका नटाजवळ धरली. जिथे गळती असेल तिथे तिचा धूर थरथरतो. आठही ठिकाणी तो सरळ वर गेला. मग तुकोजीने सायलेन्सरच्या तोंडाशी गुडघे टेकून दीर्घ वास घेतला, खोकला, आणि डोळे पुसत म्हणाला, "मोहाचा नाही."

नानांचं डोकं भिंतीमागे गेलं.

तुकोजीने चहा घेतला आणि तिथेच अहवाल लिहिला. शब्द लघाट्यांनी सांगितले, कारण तुकोजीची क्रियापदं हिंदीत जात. हातभट्टी आढळली नाही. इसम स्वतःवरदेखील विश्वास ठेवत नाही, सबब दफ्तर सांभाळण्यास लायक. ही ओळ मात्र तुकोजीची स्वतःची होती आणि लघाट्यांनी ती दोनदा वाचून राहू दिली. दोन महिन्यांनी त्यांना कायम झाल्याचा हुकूम मिळाला. हुकमाच्या नकलेसोबत तो अहवालही दफ्तरखान्यात दाखल झाला, आणि लघाट्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर क्रमांक घातला. त्याचा शेवट असा : "फरार होण्याचे साधन : आहे. वाहन चालू स्थितीत समक्ष पाहिले."

मोटारीची चारही चाकं, कोणी चोरू नये म्हणून, १९४९ पासून कोठीत कुलूपबंद होती.