कोरी काच

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एक अटेंडंट होते. मॅट्रिकला तीनदा आपटलेले. पण काचेवर निकेलचा थर चढवीत तो इतका पातळ, की बडनेऱ्यात माशी शिंकली तर अकोल्याला उडून जावा! आत शिरणाऱ्याची आधी झडती. "भाऊ, चाव्या भाईर. लोखंड पाहून माही सुई बहकते." एका पाहुण्या प्राध्यापकांचा तर त्यांनी पट्टा उतरवला, बिचारे तासभर पँट धरून उभे.

त्या थरावर प्रकाश पाडायचा, लोहचुंबक लावायचे आणि परतणारा किरण किती फिरतो ते मापकाच्या सुईवर मोजायचे, हे आमच्या सरांचे काम; मी त्यांचा विद्यार्थी. सहा महिन्यांनी सुई चांगली दणकून हलली. सरांनी शोधनिबंध लिहिला, त्यात माझेही नाव घातले. मी मनाने विलायतेला पोचलोसुद्धा!

"सर, पुन्हा पाहा बरं," अटेंडंट म्हणाले.

"हलली की!"

"पन काच कोरी हाय. थराची काच म्या सकाळीच काढून ठेवली."

एरवी पुस्तकी बोलणारे सर एकदम वऱ्हाडीवर आले. "काहून केलं हे?"

"मले शक होता. चुंबक काचेच्या लोखंडी स्टँडलेच ओढून राहिला, म्हनून सुई हलते."

मी त्यांच्याकडे खाऊ की गिळू असे पाहिले. सरांनी मात्र निबंध फाडला.

मग अटेंडंटनी स्वतः मेळघाटी सागाचा स्टँड घडवला. त्यावर कोरी काच लावली, सुई ढिम्म. थराची लावली, तेव्हा केसभर हलली.

"आता लिवा भाऊ, तुमचं नाव," ते मला म्हणाले.