काकूंनी समजावलेलं रिडायरेक्ट

मंडळी, काकांच्या राइस मिलची वेबसाइट आम्ही नव्या नावावर नेली. पण पोत्यांवर जुनंच नाव छापलेलं, आणि ते टाकलं की ‘साइट सुरक्षित नाही’ असा इशारा यायचा.

आज सकाळी क्लाउडवर रिडायरेक्टची सोय केली. आता जुनं नाव टाकलं की नवी, सुरक्षित साइट उघडते. सर्व्हर सांभाळायची कटकट नाही, साइटच्या सुरक्षिततेचं सर्टिफिकेटही आपोआप नवं होत राहतं.

काका म्हणाले, “जुनं नाव टाकलं, मंग नवीन काऊन उघडून राहिली?”

मी क्लाउड समजावत बसलो. काकूंचं माहेर बिरसी गावचं, सासर मुर्रीचं. त्या चहा ठेवत काकांना म्हणाल्या, “अजून लोकं मले ‘बिरसीवाली’ म्हणून हाक मारतेत. मुर्रीच्या या घरातून कोन बाहेर येते?”

काका हसतच सुटले.

तुमच्या घरी असं समजावणारं कोण आहे?