ठोकताईंच्या कपाळातलं विष

वय सत्तेचाळीस. उंची मध्यम, बांधा मध्यम, विश्वास कोणावरच नाही. हुद्दा : डबे तपासनीस, हवाबंद भाजीपाला कारखाना, पाळी सकाळची. ओळखीची खूण : भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या, सेवेच्या दुसऱ्या वर्षापासून कायम. तक्रार : अर्धशिशी, महिन्यातून सोळा दिवस. सदर व्यक्तीस सहकारी ‘ठोकताई’ असे संबोधतात. त्यास तिने लेखी हरकत घेतलेली नाही.

ठोकताईंचं काम ठोकण्याचं. मटारचे बंद डबे पट्ट्यावरून सरकत येतात, त्या प्रत्येकाच्या झाकणावर लाकडी दांडीनं टिचकी देतात आणि ऐकतात. आत निर्वात पोकळी असेल तर डबा टणकन बोलतो. नसेल तर भद्द. भद्द म्हणजे एक तर शिवण गळकी, नाहीतर शिजवूनही आत काहीतरी जिवंत उरलंय. अशा उरणाऱ्यांत सगळ्यात वाईट जंतू म्हणजे बोट्युलिनम. त्याच्या विषानं माणसाचा श्वास बंद पडतो. या एका नावापायी ठोकताईंनी बावीस वर्षं कान टवकारून काढली.

यंदा मात्र घात झाला. डोक्याची डावी बाजू ठणकत असताना त्यांनी चारशे ऐंशी डब्यांची अख्खी खेप बाद केली. सगळे डबे उत्तम निघाले. डोकं फुटत असलं की प्रत्येक आवाज भद्दच लागतो. व्यवस्थापकांनी सांगून टाकलं, “चार महिन्यांनी परीक्षा घेईन. चुकलात तर लेबल विभाग.” लेबल विभागात ऐकण्यासारखं काही नसतं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. “तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या. आता बोट्युलिनमची इंजेक्शनं देऊन बघू. कपाळ, कानशिलं, मान, खांदे. एकतीस टोचण्या, दर बारा आठवड्यांनी.”

ठोकताई उभ्याच राहिल्या. “कुठलं बोट्युलिनम?”

“त्याचंच विष. पण शुद्ध केलेलं, मात्रा अगदी सूक्ष्म. वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसांना तिथल्या तिथं गप्प करतं.”

“आमच्याकडेही सगळे शपथेवर सांगतात, नीट शिजवलंय म्हणून.”

घरी नवरा म्हणाला, “घे की. नट्या घेतात म्हणे, सुरकुत्यांसाठी.” तो बस चालवतो, समोरून येणाऱ्यावर विश्वास ठेवल्याशिवाय त्याचं भागत नाही.

“त्या डबे ठोकतात का?”

तरी गेल्या, लेबल विभाग डोळ्यांसमोर होता. दवाखान्यात आधी फ्रिजमधला तापमापक पाहिला. मग बाटलीची मुदत आणि खेप क्रमांक वहीत उतरवला. सिस्टरबाई म्हणाल्या, “मावशी, तुम्ही पेशंट की धाड घालायला आलात?”

“अजून ठरलं नाही.”

सिस्टरबाईंनी औषध कालवायला मिठाच्या पाण्याची सिरिंज बाटलीच्या रबरात खुपसली. थांबल्या. सुई काढली आणि बाटली सरळ बाद डब्यात टाकली.

“का हो?”

“आत निर्वात नाही. पाणी आपोआप ओढलं गेलं पाहिजे.”

“म्हणजे औषध बिघडलंय?”

“काय माहीत. ओढलं नाही, बाटली बाद. विषय संपला.”

दुसरी बाटली निघाली. तिनं पाणी सर्रकन ओढून घेतलं. ठोकताईंनी ते डोळ्यांनी पाहिलं, नवा क्रमांक लिहून घेतला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “टोचा.”

याचा अर्थ विश्वास बसला असा नव्हे. आठवडाभर त्यांनी नवऱ्याला रोज सकाळी विषानं पापण्या खाली आल्यात का ते तपासायला लावलं आणि प्रत्येक घोट मोजून गिळला. दोन आठवडे काही फरक नाही. “पाणीच असणार,” त्यांनी निदान केलं. पुढं आठ्या मावळल्या.

“रागावलीस की नाही ते कळतच नाही आता,” नवरा म्हणाला.

“रागावलेय. धरून चाल.”

दुखण्याचे दिवस सोळाचे तेरा झाले, तिसऱ्या महिन्यात नऊ. हवामान बदललं असेल, असं त्यांनी वहीत लिहिलं.

परीक्षेला व्यवस्थापकांनी दोनशे डब्यांत तीन गळके मिसळले. अडचण भलतीच निघाली. पट्ट्यापलीकडची पॅकिंगवाली इतकी वर्षं ठोकताईंच्या आठ्या बघून बाद डबे उचलायची. आता ती गुळगुळीत कपाळाकडे बघत बसली आणि पहिला भद्द डबा पुढं निघाला.

“अगं उचल! आता तोंडानं सांगावं लागतंय, तेवढं ऐक.”

संध्याकाळी फलकावर आदेश लागला : ‘चाचणीतील दोनशेपैकी केवळ तीन डबे सदोष असल्याची कार्यालयाने पूर्वखात्री केली होती. सदर तपासनीसाने ते अचूक ओळखले असल्याने तिला पदावर कायम ठेवण्यात येत आहे.’

ठोकताईंनी चार काढले होते. चौथाही गळका निघाला.