उपरण्याखालचा सौदा

बाजारहत्नूरच्या डोमाजीला कोणी चहा दिला, तर तो आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि मग बशीकडे. वांगी-मिरचीचा मळा होता, पाच एकर कापूस होता, गावात कोणाशी भांडण नव्हतं. तरी माणूस जन्माचा संशयी. पाहुणा लवकर उठला तर ‘याले एवढी घाई कायची’, आणि मुक्कामाला राहिला तर ‘याचं इथं काय अडलं’. बायको जयवंताबाई होती तोवर ती हसून सावरून घ्यायची. ती गेली आणि घरात एकुलती एक लेक रुख्मिणी तेवढी राहिली.

गावानं त्याच्या संशयाची टिंगल करून विषय सोडला असता, पण मध्ये रझाकारांचं वर्ष आलं. त्या वर्षी एक कल्हईवाला गावात येऊन चावडीपाशी भाता मांडून बसला. भांडी थोडी आणि चौकशा फार. डोमाजीच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं घरोघर फिरून धान्य आणि बायकापोरं रानात हलवायला लावली. चौथ्या दिवशी टोळी आली आणि रिकाम्या घरांवर चडफडून निघून गेली. कल्हईवाला खरंच हेर होता की बिचारा नुसताच कल्हईवाला, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. पण तेव्हापासून डोमाजी ‘मले काही बरं नाही दिसून राह्यलं’ म्हणाला की गाव ऐकून घ्यायचं. हे असं ऐकून घेणं फार वाईट. माणसाला वाटायला लागतं की आपल्या डोळ्यांना जे दिसतं तेच खरं.

फुटबॉल गावात आला तो पोलिस अ‍ॅक्शननंतर. फौजेचा तळ महिनाभर माळावर होता. जाताना शिपायांनी एक फाटका चेंडू मागे टाकला. डोमाजीनं तीन दिवस त्याच्या जवळ कोणाला जाऊ दिलं नाही. आत काय भरलंय कोणास ठाऊक, असं त्याचं म्हणणं. चौथ्या दिवशी मोच्यानं चेंडू उसवून दाखवला, आत हवेशिवाय काही नव्हतं, आणि गावाचा खेळ सुरू झाला. आठ वर्षांत हत्नूरचा संघ असा तयार झाला की बोथ तालुक्यात त्याला जोड राहिली नाही. सगळे अनवाणी खेळणारे. गोलकीपर होता यशवंतराव, म्हणजे डोमाजीचाच जावई.

यशवंतराव मूळचा किनवट तालुक्यातला. लग्नानंतर सहा वर्षं सासऱ्याच्या घरी राहत होता. घरजावई म्हणून लोक चिडवायचे, तो हसून सोडून द्यायचा. मोजकं बोलायचा, मळ्यात राबायचा, आणि गोलात उभा राहिला की चेंडू आपल्या पायानं चालत त्याच्या हातात यायचा, असं पोरं म्हणायची.

छप्पन सालच्या दसऱ्याआधी बातमी पक्की झाली. पहिल्या नोव्हेंबरपासून किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात जाणार, आपण आंध्रात राहणार. पटवारी म्हणाला, नकाशे आलेत. लोकांना शाळेची, कचेरीतल्या भाषेची काळजी पडली. डोमाजीला एकच काळजी. जावयाचं गाव त्या बाजूला जाणार. त्याचे भाऊ त्याला बोलावणार, तो जाणार, आणि रुख्मिणीला घेऊन जाणार. त्या विचारानं त्याला घास गोड लागेना. पण ही गोष्ट त्यानं ना लेकीला विचारली, ना जावयाला. विचारलं तर समोरचा सावध होतो, असं त्याचं जुनं शास्त्र होतं.

त्यात जिल्ह्याच्या ढालीचे सामने आले. जुन्या जिल्ह्याचे हे शेवटचे सामने. चार संघ उरले: हत्नूर, किनवट, पोलिसांचा, आणि मंचेरियलकडचा खाणकामगारांचा. सेमीफायनलच्या चिठ्ठ्या आदिलाबादला निघायच्या होत्या. तोवर पांडुरंगरावाच्या दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच खल. पांडुरंगराव किराणा विकायचा आणि संघाचा कारभारही बघायचा.

“पोलिसाइची चिठ्ठी निघू नये बाप्पा,” एक जण म्हणाला. “आपले पोट्टे खाकी पाह्यली का बाजूले होतेत. चेंडू कसा हिसकतीन?”

“पोलिस परवडले. खाणीवाले बूट घालून खेळतेत. पाय मोडला तं कापूस कोन वेचन?”

“बूट काळ्या मातीत घसरतेत,” पांडुरंगराव म्हणाला. “मी सांगतो, किनवट निघालं तं देव पावला. आपल्यासारखेच अनवाणी हायत. सोयरेधायरे हायत.”

डोमाजी इतका वेळ पोत्याला टेकून गप्प होता. तो म्हणाला, “भ्या तं किनवटलेच भ्या.”

सगळे वळले.

“पोलिस काय करन, खाणीवाला काय करन, हे दिसून राह्यलं. सोयरा काय करन हे कोनाले दिसते? तुमचा कोनता पोरगा डाव्या पायानं कच्चा हाय, हे त्याले घरबसल्या मालूम. अन ढाल एकदा का तिकडं गेली, तं दुसऱ्या राज्यातून कोन आणन?”

ओट्यावरचा उत्साह जरा उतरला. आणि नेमकी किनवटचीच चिठ्ठी निघाली. आता डोमाजीचा शब्द खाली कोण पडू देणार?

सामन्याच्या चार दिवस आधी डोमाजी मिरच्या घेऊन किनवटच्या बाजाराला गेला. मिरच्या हे निमित्त. त्याला किनवटच्या संघाचा सराव लपूनछपून बघायचा होता. बाजार उरकून तो बैलबाजाराच्या कडेनं निघाला आणि जागीच थबकला. लिंबाखाली यशवंतराव उभा होता. सकाळी घरी सांगून निघाला होता की बोथला लोहाराकडे फाळ आणायला जातो. आणि त्याच्या समोर उभा होता उद्धवराव, किनवटच्या संघाचा कप्तान. दोघांचे उजवे हात एका उपरण्याखाली होते.

बैलबाजाराची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, जितकी बोटं तितकी रक्कम. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. डोमाजीचं निम्मं आयुष्य बाजारात गेलेलं. उपरणं हललं, थांबलं, पुन्हा हललं. उद्धवरावानं मान हलवली, यशवंतरावानं नाही म्हटलं, मग हो म्हटलं. सौदा पटला.

यशवंतरावापाशी विकायला बैल नव्हता. डोमाजीनं आपले दोन्ही बैल सकाळीच गोठ्यात पाहिले होते. मग चार दिवसांवर सामना असताना हत्नूरचा गोलकीपर किनवटच्या कप्तानाला काय विकत होता?

लिंबाच्या खुंट्याला बैलांची एक जोडी बांधलेली होती. डोमाजीनं ती पाहिली नाही असं नाही. बैलबाजारात बैल असायचेच, म्हणून त्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ज्या उपरण्याखालचं दिसत नव्हतं, त्याच्याकडेच तो डोळ्यांत तेल घालून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव रिकाम्या हातानं घरी आला. “लोहार नाही भेटला, मामाजी,” एवढंच म्हणाला. डोमाजीनं मान डोलावली आणि लेकीकडे पाहिलं. रुख्मिणीनं नजर चुकवली. झालं, त्याच्या हिशेबी गवाही पुरी झाली. लेकही सामील.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ओट्यावर सगळा संघ जमला होता. यशवंतराव पायरीवर बसला होता. कोणाला कुठे उभं करायचं यावर पांडुरंगराव बोलत असताना डोमाजी उठला.

“गोलात कोनाले बी उभं करा. याले नको.”

“काऊन हो, डोमाजीबुवा?” पांडुरंगरावाला आधी वाटलं, सासऱ्या-जावयाची थट्टा चाललीय.

“याले ईचारा, किनवटच्या बैलबाजारात याचा हात कोनाच्या उपरण्याखाली होता. घरी सांगतलं बोथले चाललो. अन तिथं उद्धवरावासंग सौदा करून राह्यला होता. बैल तं माह्ये गोठ्यात हायत. मंग काय इकलं यानं?”

पांडुरंगराव हळूच म्हणाला, “यशवंतराव, तुमी होता तिथं?”

“होतो.”

“काय सौदा होता?”

यशवंतराव सासऱ्याकडे बघत राहिला. मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. पण ज्या माणसाच्या घरात सहा वर्षं मीठ-भाकर खाल्ली, त्यानंच चार माणसांत चोर ठरवल्यावर जावयाच्या तोंडून वाक्य फुटत नाही. त्यानं संघाचा सदरा अंगातून काढला, घडी घातली आणि पांडुरंगरावाच्या तागडीशेजारी ठेवला.

“मामाजीचा भरवसा नसन, तं मी गोलात उभा नाही राहत,” म्हणाला आणि उघड्या अंगानं घरी गेला.

पोरं कुजबुजली, एक-दोघांनी डोमाजीकडे रागानं पाहिलं. पण कल्हईवाल्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. कोणी यशवंतरावाच्या मागे गेलं नाही.

रविवारी आदिलाबादच्या मैदानावर गोलात बाबाराव उभा राहिला. उंच होता, दणकट होता आणि चेंडू आला की डोळे मिटायचा. पहिला गोल डाव्या कोपऱ्यातून गेला, दुसरा उजव्या, तिसरा पायांच्या मधून. हत्नूरनं एक परत केला. डोमाजी दोरीबाहेर उभं राहून पंचावर लक्ष ठेवून होता, कारण पंचही त्याला धड वाटत नव्हता. पण पंचानं काही केलं नाही, किनवटवाल्यांनी काही केलं नाही. ते चांगले खेळले आणि जिंकले.

सामना संपल्यावर उद्धवराव घाम पुसत डोमाजीकडे आला आणि त्यानं रामराम घातला.

“यशवंतरावाचे मामाजी ना तुमी? तो काऊन नाही आला? बिमार हाय का?”

डोमाजीनं नजर पंचाकडे वळवली.

“तो असता तं आमचा एक बी गोल झाला नसता,” उद्धवराव म्हणाला. “भला माणूस हाय जी. त्याच्या वाट्याची बैलजोडी मीच घेतली मागच्या बाजारात. म्या लय समजावलं, घरचे बैल हायत, इकू नको. भाऊ म्हणतेत, पहिल्या तारखेच्या आत घरी ये, नाही तं आपला वाटा मोडून मोकळा हो. हा म्हणे, मोकळा होतो. मामाजी एकले हायत, त्याइले सोडून नाही येत. तुमाले सांगू नको म्हणला. घरचं भांडण सासरी कायले न्यायचं, म्हणे.”

परतीच्या लॉरीत डोमाजी एका कोपऱ्यात बसला. गुडीहत्नूर येईपर्यंत उद्धवराव खोटं बोलला असेल का, हे तो तपासत होता. जिंकलेल्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार, याचं उत्तर त्याला काही केल्या सापडेना. मग लिंबाखालची ती जोडी त्याला आठवली. एक पांढरा होता, दुसऱ्याच्या कपाळावर ठिपका.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळायचा होता. दारात भाड्याची बैलगाडी उभी होती. रुख्मिणी पितळी भांडी चादरीत बांधत होती. यशवंतराव गाडीवर कडबा पसरत होता.

“बाई, हे काय?” डोमाजी म्हणाला.

“जाऊन राह्यलो, बा.”

“बैल तं इकले त्यानं. तिकडं काय करान?”

रुख्मिणीचे हात थांबले. बापाला कळलं आहे, हे तिला कळलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. तसं काही केलं असतं तर डोमाजीला बरं वाटलं असतं.

“मजुरी करू,” ती म्हणाली. “बा, तुमी हे मले ईचारलं असतं ना, चुलीपाशी बसून एकदा, तं मी सांगतलं असतं. याइनं नाही म्हणलं होतं तरी सांगतलं असतं. तुमी गावाले ईचारलं. आता ते या गावातून कसे हिंडतीन?”

डोमाजी ओट्यावर बसला. माफ करा म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण जावयाला असं म्हणायची सवय त्या पिढीत कोणालाच नव्हती. यशवंतराव रीतीप्रमाणे वाकून पाया पडला. डोमाजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलायला जरा उशीर केला. एवढंच त्याला जमलं.

“कवा येसान?” त्यानं लेकीला विचारलं.

रुख्मिणीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग गाडीत चढताना म्हणाली, “दिवाळीले.”

दिवाळीआधीच पहिली तारीख उलटली. सरहद्दीवर म्हणे पाटी लागली, पण गाड्या येत-जात होत्या, कोणी कोणाला अडवत नव्हतं. डोमाजीनं अंगण सारवून घेतलं. शेजारच्या प्रयागबाईकडून करंज्या करून आणल्या. जावयासाठी धोतरजोडी आणली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपासून तो किनवटच्या वाटेवर, फाट्याच्या दगडावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. भाऊबीजेला पांडुरंगराव त्याला घरी न्यायला आला. यशवंतराव मोठ्या भावाच्या शेतात सालानं राहिलाय आणि इकडे यायचं नावही काढत नाही, हे त्याच्या कानावर आलं होतं. पण ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

“चला घरी, डोमाजीबुवा. नाही येत वाटते ते.”

डोमाजीनं वाटेवरची नजर काढली नाही.

“येतीन,” तो म्हणाला. “रुख्मिणी खोटं नाही बोलत.”