बुजवलेली भोकं

प्राण्यांच्या हाडांच्या संग्रहालयात कवटीमामांनी सव्वीस वर्षं काढली. खरं नाव पगारपत्रकापुरतं. बायकोसुद्धा भांडताना कवटीमामाच म्हणायची. मेलेलं माकड आलं की मामा मांस उतरवायचे, कवटी पाण्यात मुरत ठेवायचे, दातांच्या फटी ब्रशने घासायचे आणि क्रमांक घालून कपाटात लावायचे. हात इतका साफ की पाहुणे विचारायचे, ही खरी की बनवलेली? मामांची छाती तेवढ्यावर फुगायची.

सव्विसाव्या वर्षी एक संशोधक बाई आल्या. माकडाच्या डोळ्याच्या खोबणीखाली, गालाच्या हाडाला बारीक भोकं असतात. चेहऱ्याची नस तिथून बाहेर पडते. माणसाला बहुतेकदा दोन्ही बाजूंना एकेकच असतं. माकडांत मात्र कुणाला दोन, कुणाला चार, डावीकडे एक तर उजवीकडे तीन असाही कारभार. बाई तीच मोजत होत्या. तीन महिने त्या भिंग लावून बसल्या आणि मामा एकेक कवटी काढून देत राहिले.

शेवटच्या आठवड्यात बाई फार खुशीत होत्या. इथल्या एकशे चाळीस कवट्यांमध्ये जवळजवळ सगळ्यांना प्रत्येक गालावर एकेकच भोक होतं. याच जातीच्या माकडांना इतरत्र दोन-तीन सापडतात. लेख लिहून तयार होता.

मामांनी हातातली कवटी हळूच टेबलावर ठेवली.

"बाई, किडीनं पाडलेलं भोक कसं ओळखायचं?"

"केस घालून बघायचा. नसेचं असेल तर केस डोळ्याच्या खोबणीत निघतो. किडीचं असेल तर मध्येच अडतो. का हो?"

आधीच्या कारागिराने मामांना शिकवलं होतं की गालावर मोठं असेल तेवढं एक भोक ठेवायचं. बाकीची किडीची, ती पांढऱ्या लगद्याने बुजवून पॉलिश करायची. त्यांनी ते सव्वीस वर्षं इमानेइतबारे केलं होतं. काहीतरी काम आठवल्याचं सांगून ते बाहेर पडले.

घरी ते ताटासमोर नुसते बसून राहिले. बायकोला वाटलं, कुणीतरी गेलं. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "तिला कधीच कळणार नाही. पण तुम्हाला हे पोटात ठेवून जगता यायचं नाही."

सकाळी मामांनी बाईंपुढे एक कवटी धरली, सुईने गाल टोकरला. पांढरा भुगा पडला. त्यांनी ब्रशचा एक केस आत सरकवला. तो डोळ्याच्या खोबणीतून बाहेर आला. शेजारचं टोकरलं, तिथूनही आला.

बाईंनी भिंग लावून दोन्ही केस पाहिले. मग त्यांनी विचारलं, "किती कवट्या?"

"मी केल्या तेवढ्या सगळ्या," मामा म्हणाले. "माझ्या आधीच्यासुद्धा."

बाई उठून गेल्या आणि दोन दिवस फिरकल्याच नाहीत. मामांनी राजीनामा लिहून ठेवला. तिसऱ्या दिवशी बाई आल्या त्या सुयांचं पाकीट घेऊनच. त्या अजून रागावलेल्या होत्या, मामांकडे बघतही नव्हत्या. पण खुर्ची मात्र त्यांनी शेजारीच ओढली.

पाच महिने दोघं गाल टोकरत होते. बुजवलेली तीनशे बारा भोकं उघडली. त्यातली दोनशे चौऱ्याऐंशी नसेची निघाली. किडीची फक्त अठ्ठावीस. मामांनी आकडे पुन्हा मोजून पाहिले. सगळी नाही तरी निम्मी तरी किडीची निघतील, अशी त्यांना आशा होती.

जुना लेख बाईंनी फाडला. नव्यात भोकं कशी आणि का बुजवली गेली, हे स्वच्छ लिहिलं. मामांचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं.

"घाला," मामा म्हणाले. "सव्वीस वर्षं मी सगळं त्या बिचाऱ्या किडीवर ढकलत आलो."