खिंडीच्या अलीकडे थांबलेला नवरा

माझा नवरा गिरगावात गिर्यारोहक म्हणून ओळखला जायचा. घरात मी त्याला जन्मभर 'अहो' म्हटलं, ते पुरे झालं. इथे 'तो' म्हणणार आहे.

फणसवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेर लांब गॅलरी. त्याने चोरबाजारातून तळाला खिळे मारलेले लष्करी बूट आणले होते. रविवारी सकाळी ते घालून तो गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. बूट पायाला बसायला हवेत, असं कारण सांगायचा. खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडायची, कोणीतरी बाहेर येऊन वर बघायचं आणि विचारायचं, "काय, कुठे निघाली स्वारी?" बूट त्या प्रश्नासाठी होते.

गड त्याने केले होते, हे खोटं नाही. हरिश्चंद्रगड, नाणेघाट, कळसूबाई. मीही केले होते. दादरला माहेरी असताना कॉलेजच्या मंडळींबरोबर मी त्याच्याआधी कळसूबाईला जाऊन आले होते आणि आमचं लग्न जमलं ते या एका धाग्यावर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. आठवडाभर कानाला हेडफोन लावून बसल्यावर डोंगरात कोणी बोलत नाही याचंच मला सुख वाटायचं. त्याला मात्र डोंगरातही बोलायला लागायचं. चढताना तो रांगेत नेहमी दुसरा असायचा. पहिल्याला वाट शोधावी लागते, साप दिसला तर त्याला दिसतो. उतरताना तो पहिला.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. गिरगावात दर दोन दिवसांनी सभा, मोर्चे, हरताळ. बायकांच्या मोर्च्यात मी जायचे. एकदा अश्रुधुराची नळकांडी आमच्या पुढ्यात येऊन पडली आणि एका म्हाताऱ्या बाईचा हात धरून मी गल्लीत पळाले. घरी आले तेव्हा हा दाराला आतून कडी लावून खिडकीच्या फटीतून रस्ता बघत होता. "डोळे लाल झालेत तुझे," म्हणाला. मी तोंड धुवायला मोरीत गेले. संध्याकाळी सगळं निवल्यावर तो नाक्यावर गेला आणि नळकांडं कसं येतं, कसं फुटतं, डोळ्यांना कशी आग होते, हे त्याने तिथल्या लोकांना सांगितलं. मला ते शेजारणीकडून कळलं. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं.

दादरचे एक वकील आमच्या डोंगरवाल्या मंडळाचे प्रमुख होते. मोठ्या आवाजाचे, पन्नाशीकडे झुकलेले, अविवाहित. मुंबई महाराष्ट्राला मिळायच्या आदल्या वर्षी त्यांनी हिमालयात जायचं ठरवलं. कुलूच्या खोऱ्यातून चढायचं, बर्फातली एक खिंड ओलांडून पलीकडे लाहुलमध्ये उतरायचं आणि दुसऱ्या, रुळलेल्या खिंडीने परत यायचं. नवख्याला नेणार नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं. शेवटी आम्ही चौघं उरलो: वकील, माझा नवरा, मी आणि चिंचपोकळीचा एक महापालिकेतला कारकून.

हा चिंचपोकळीवाला गिरणगावातल्या चाळीत वाढलेला, थोड्याच वर्षांपूर्वी घरच्यांसह बौद्ध झालेला. सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला होता. माझा नवरा त्याची ओळख करून देताना म्हणायचा, "हे आमचे सत्याग्रही." आमचे. आणि पाण्याचा पेला मात्र स्वतःचा वेगळा ठेवायचा. "ज्याचा पेला त्याला बरा, सर्दी पसरते," असं सांगायचा. माझा पेला तो खुशाल उचलायचा, मला सर्दी असली तरी. चिंचपोकळीवाला यावर कधी काही बोलला नाही. एकदा माझ्याकडे बघून नुसता हसला, तेव्हा मला नवऱ्याची लाज वाटली.

पठाणकोटपर्यंत रेल्वे, पुढे मोटार, मग पाय. पहिले दिवस देवदारांच्या जंगलातून गेले, नंतर भोजपत्राची झाडं लागली आणि तीही संपली. वाटाड्या आणि दोन पहाडी गडी बरोबर होते. ओढे सकाळीच ओलांडायचे, कारण दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी फुगतं. ते पाणी इतकं थंड की गुडघ्याखालचे पाय आपले नाहीतच असं वाटायचं. ओढ्यापाशी नवऱ्याने दोनदा गड्याच्या पाठीवर बसून पलीकडे जाणं पसंत केलं. बूट भिजले तर पुढे त्रास होईल, म्हणाला. वकिलांनी आणि आम्ही दोघांनी बूट काढून गळ्यात अडकवले होते.

खिंडीच्या खाली शेवटचा मुक्काम पडला, ती दगडधोंड्यांची उघडी जागा होती. समोर बर्फाचा उतार सरळ वर गेलेला, आणि माथ्यावर दोन काळ्या सुळक्यांच्या मधे एक खाच. तीच आमची खिंड. दुसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि आम्ही तंबूत अडकलो. दुपारी मी पांघरुणात बसून मोजे शिवत होते. नवरा बराच वेळ तंबूच्या फटीतून त्या उताराकडे बघत होता.

"तुझं डोकं दुखतंय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"दुखत असेल. एवढ्या उंचीवर दुखतंच."

"तुमचं दुखतंय का?"

"माझं काय. मी तुझं विचारतोय." मग तो जवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तू नुसती पडून राहा. काही बोलू नकोस. बोलायचं ते मी बोलतो."

"काय बोलणार?"

"की हिला झेपत नाहीये. मग मला तुझ्याबरोबर परत जावंच लागेल. त्यात कोणालाच कमीपणा नाही."

मी सुई मोज्यात टोचून ठेवली. त्याला भीती वाटत होती, हे मला कळलं. उताराची मलाही वाटत होती. "मला भीती वाटते, आपण परतू या," असं तो सरळ म्हणाला असता तर मी त्याच्याबरोबर खाली गेले असते, आणि मुंबईत कोणी विचारलं असतं तर माझीच तब्येत बिघडली होती असंही सांगितलं असतं. पण त्याला माझं दुखणंसुद्धा आयतं हवं होतं, आणि वर ते मी आपणहून करायचं.

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"तू समजून घे ना जरा."

"समजलं."

तो उठून वकिलांच्या तंबूत गेला. थोड्या वेळाने वकील आमच्या तंबूच्या तोंडाशी येऊन वाकले. "वहिनी, लाजायचं काही कारण नाही. बाईमाणसाने इथवर यायचं म्हणजेच पुष्कळ झालं. उद्या तुम्ही दोघं खाली जा."

मी पांघरूण बाजूला केलं, बूट चढवले आणि त्यांच्या पुढून जाऊन चिंचपोकळीवाला स्टोव्हवर खिचडी करत होता तिथे बसले. त्या उंचीवर तांदूळ धड शिजत नाही, दाताखाली कचकचतो. विरळ हवा ज्याला लागते त्याला अन्नाचा वासही सहन होत नाही, हे वकिलांनीच आम्हाला मुंबईत शिकवलं होतं. मी ताटली भरून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली. चिंचपोकळीवाल्याने काही न विचारता वाढलं. "वहिनी, लोणचं आहे," एवढंच म्हणाला.

वकील उभे राहून बघत होते. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "अहो, यांना तर काही झालेलं दिसत नाही."

"दिसत नाही हो. ती सांगत नाही. तिला अशा जागी न्यायची जबाबदारी मी घेणार नाही."

"नका घेऊ," मी म्हटलं. "मी या दोघांबरोबर जाते."

लग्नानंतर चारचौघांत मी त्याला पहिल्यांदाच उलट बोलले. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तिथे राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो आता दुसरं कारण शोधत होता, आणि ते शोधताना त्याचे डोळे इकडेतिकडे फिरत होते.

पहाटे आकाश उघडलं आणि बर्फ कडक असतानाच आम्ही निघालो. उताराच्या पायथ्याशी त्याला कारण सापडलं. तो एका दगडावर बसला आणि त्याने गुडघा धरला. कोणता गुडघा, ते मी मुद्दाम लक्षात ठेवलं होतं: डावा. नंतर आम्ही परतल्यावर खाली तळावर तो भेटला, तेव्हा लंगडत होता उजव्या पायाने. वकिलांनी एक गडी त्याच्याबरोबर दिला. गड्याने त्याची पिशवी स्वतःच्या ओझ्यावर चढवली.

"जपून जा," तो मला म्हणाला.

"तुम्हीही जपा," मी म्हटलं, आणि दोर कमरेला बांधून घेतला.

चढण अवघड होती. वाटाड्या पुढे कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदत होता, आम्ही त्यांत पाय ठेवत होतो. वरच्या अंगाला तर चार पावलं टाकायची आणि आपापल्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर ओणवं होऊन धापा टाकत उभं राहायचं. एकदा माझा पाय निसटला. मी पोटावर आडवी होऊन घसरले आणि मागे असलेल्या चिंचपोकळीवाल्याने दोर ताणून धरला. मी उठेपर्यंत तो हलला नाही. उठल्यावर "चला" म्हणाला. खिंडीत एक दगडांची रास होती आणि तिच्यावर वाऱ्याने चिरफाळलेल्या चिंध्या. पलीकडे झाड म्हणून नव्हतं. तपकिरी, करडे, जांभळट डोंगर, खाली नदीची पांढरी रेघ, आणि सगळीकडे ऊन. वारा एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वकील रडले. मी खाली बसले आणि खिशातली गूळपापडी खाल्ली. मला फार आनंद झाला होता, आणि त्या सबंध वेळात नवऱ्याची आठवण एकदाही आली नाही.

पलीकडे उतरून, नदीच्या काठाने चालून, दुसऱ्या खिंडीने आम्ही तळावर आलो, तेव्हा तो विश्रामगृहाच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून जर्दाळू खात होता. तिथे उतरलेलं एक पंजाबी कुटुंब त्याच्याभोवती बसलं होतं. मला बघून त्यांच्यातली बाई हात जोडून म्हणाली, किती मोठ्या मनाचा नवरा मिळालाय तुम्हाला, स्वतः मागे राहून बायकोला पुढे पाठवलं.

मुंबईत सत्कार झाला. गिरगावातलं एक सभागृह, हार, नारळ, शाल. वकील, माझा नवरा आणि चिंचपोकळीवाला व्यासपीठावर, मी पहिल्या रांगेत गजरा माळून. "यांच्या सौभाग्यवतीही बरोबर होत्या," असं सूत्रसंचालक म्हणाला आणि टाळ्या पडल्या. नवरा बोलायला उभा राहिला. एका गड्याला विरळ हवा लागली होती, त्याला त्या अवस्थेत एकटं खाली पाठवणं आपल्या मनाला पटेना, म्हणून आपण बायकोला पुढे पाठवलं आणि खिंड डोळ्यांपुढे असताना मागे फिरलो, असं त्याने सांगितलं. मराठी माणूस आपल्या माणसाला सोडत नाही, हेही सांगितलं. त्या दिवसांत या वाक्यावर टाळ्या पडणारच. ज्या गड्याने त्याची पिशवी वाहिली, त्यालाच त्याने आजारी पाडलं होतं. वकील समोर टेबलाकडे बघत राहिले. मंडळाच्या अब्रूचा प्रश्न होता. चिंचपोकळीवाला उठला, शाल खुर्चीवर ठेवली आणि विंगेतून निघून गेला. लोकांना वाटलं, लघवीला गेला असेल.

त्यानंतर नवऱ्याला भाषणांची बोलावणी यायला लागली. एकदा जेवताना त्याने अगदी सहज विचारलं, "पलीकडे काय दिसतं ग, वर पोचल्यावर?"

मी आमटी वाढत होते. "कुरण," मी म्हटलं. "हिरवंगार. पिवळी फुलं. मधून एक झरा."

दादरच्या भाषणात त्याने ते कुरण स्वतः पाहिल्यासारखं फुलांसकट उभं केलं. मी मागे बसले होते. श्रोत्यांत लष्करातून निवृत्त झालेला एक माणूस होता. तो उठून म्हणाला, "मी त्या बाजूला राहिलोय. तिकडे गवताची काडी नाही."

माझा नवरा प्रेमाने हसला आणि म्हणाला, "आपण वेगळ्या महिन्यात गेला असाल." सभागृह हसलं. तो माणूस खाली बसला. मला तेव्हा माझ्या नवऱ्यापेक्षाही त्या सभागृहाचा जास्त तिटकारा आला. खरं सांगणारा त्यांच्यासमोर उभा होता आणि त्यांना फुलं हवी होती.

पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र झाला. वाडीत रोषणाई झाली आणि तिच्या समितीवर तो होता. मी रजा मांडली होती. चिंचपोकळीवाला, त्याची बायको आणि मी, असे तिघं पुन्हा पहाडात जाणार होतो, या वेळी गढवालकडे. नवऱ्याने हरकत घेतली नाही. कशी घेणार, बायकोला पुढे पाठवणारा म्हणून तर त्याचं नाव झालं होतं. "मीच पाठवतोय तिला," असं त्याने शेजारी सांगितलं.

तो मला सोडायला स्टेशनवर आला. चिंचपोकळीवाल्याच्या बायकोने माझं सामान आत घेतलं आणि खिडकीशी मला जागा करून दिली. "सांभाळून," नवरा बाहेरून म्हणाला. गाडी हलली तसा तो डब्याबरोबर चार पावलं चालला. मग त्याला फलाटावर कोणीतरी ओळखीचं दिसलं. तो थांबला आणि त्या माणसाशी बोलायला लागला.